तलावटोल्याची कबुली

तलावटोल्याच्या लोकांनी गुन्हा केला तो एका सोमवारी सकाळी, सगळ्यांनी मिळून, चांगल्या अंघोळी करून आणि धुतले कपडे घालून. मनोहर मारबते हा त्यांच्यातला एक मासेमार भाजला होता आणि त्याच्या उपचारासाठी त्यांनी पैसे दिले. बस, एवढंच. पण ज्या राज्यात माणसाच्या दयेला आधी यंत्रापुढे उभं राहून आपण खरी असल्याचं दाखवून द्यावं लागतं, तिथे एवढंही पुरतं.

हर्षाली मारबतेला ही बातमी गावाकडून कळली नाही. ती नागपुरात दान-आवाहन प्राधिकरणात छाननी अधिकारी होती. मंगळवारी कचेरीत येऊन तिने संगणक उघडला, तर लाल यादीत सगळ्यात वर आपल्याच चुलतभावाचं, मनोहरचं नाव. पुढे शेरा होता: ‘बनावट गर्दी. आवाहन संशयित. रक्कम गोठवली.’

तिने तिथूनच दुर्पताला, मनोहरच्या बायकोला, फोन लावला.

“वहिनी, अर्ज कोणी भरला होता?”

“माह्याच नावानं हाये. सोसायटीच्या नत्थूजीनं भरून देल्ला. काहून?” दुर्पताचा आवाज थकलेला होता, पण त्यात काळजी नव्हती. उलट थोडा हुरूपच होता. “डाक्टर म्हनते का पुन्यात कातडी तयार झाली. पैसे भरले का तिकून निंगते. भरू ना आजच?”

हर्षालीने लाल यादी मिटली. “मी येते दवाखान्यात,” एवढंच ती कशीबशी म्हणाली.

मनोहर भाजला तो तलावातच. तलावाच्या निम्म्याहून जास्त पाण्यावर आता विजेच्या तरंगत्या सौरपट्ट्या होत्या आणि मासेमारांना काठाकडची उरलेली पट्टी मिळाली होती. एका तराफ्याची केबल सोललेली राहिली, मनोहरचं ओलं जाळं तिला लागलं, लोळ उठला आणि अंगातल्या सदऱ्याने पेट घेतला. छाती, पाठ, दोन्ही हात. पट्ट्या बसवणाऱ्या कंपनीने चौकशी समिती नेमली. समितीची बैठक व्हायची होती आणि पुढेही बरेच दिवस ती व्हायचीच राहिली.

एवढं अंग भाजलं की पूर्वी माणूस बहुधा जात असे, कारण उघड्या मांसातून शरीरातलं पाणी झिरपत राहतं आणि जंतूंना दार सताड उघडं मिळतं. झाकायला स्वतःची कातडी उरलेली नसते आणि दुसऱ्याची कातडी शरीर फार दिवस ठेवून घेत नाही. आता त्यावर उपाय निघाला होता. रोग्याच्या धड उरलेल्या भागातून टपालाच्या तिकिटाएवढी कातडी काढायची, तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि पोषक द्रवात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक विणीवर त्यांना वाढू द्यायचं. तीनेक आठवड्यांत त्या तुकड्याचे पोळीच्या पापुद्र्यासारखे पातळ ताव तयार होतात. कातडी रोग्याचीच, त्यामुळे शरीर ती नाकारत नाही. अडचण एवढीच की हे ताव जिवंत असतात. पक्व झाल्यावर दोन दिवसांत अंगावर चढले नाहीत तर ते मरतात, गोठवून ठेवले तरी मरतात. आणि मनोहरच्या शरीरात दुसऱ्यांदा तीन आठवडे वाट बघण्याची ताकद नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

कातडी तयार होती आणि पैसेही तयार होते. मधे सरकार उभं होतं.

आता खरं सांगायचं तर सरकार तिथे उभं राहावं म्हणून ओरडणाऱ्यांत हर्षाली स्वतः पुढे होती. काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर आजारी मुलांचा पूर आला होता. नळ्या लावलेली, टक्कल पडलेली, ‘काका, मला वाचवा’ म्हणणारी मुलं, आणि त्यातली कितीतरी संगणकाने बनवलेली. हर्षालीच्या आईने अशाच एका ‘ओम’ला आपल्या भिशीचे सगळे पैसे पाठवले आणि मग रोज फोन उघडून त्याचा नवा फोटो आला का बघत बसायची. असा मुलगा जगात कधी नव्हताच, हे हर्षालीने सांगितलं तेव्हा तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे त्याला काही दुखत नव्हतं ना?” हर्षालीला त्या दिवशी आला तेवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. त्या रागातच तिने ही नोकरी धरली.

कायदा झाला. दहापेक्षा जास्त घरांकडून एका माणसासाठी पैसे गोळा करायचे असतील तर ते प्राधिकरणाच्या खात्यातूनच, आणि रुग्णालयांनी अशी रक्कम प्राधिकरणाच्या पावतीवरच घ्यायची. पारख करायला यंत्र आलं, त्याचं नाव ‘नीरक्षीर’. नावं ठेवण्यात आपल्या सरकारचा हात कोणी धरणार नाही.

नीरक्षीर आवाहनाचे शब्द वाचत नसे. शब्द आणि चेहरे कोणीही बनवतं, म्हणून ते देणाऱ्यांकडे बघायचं. कोट्यवधी देणग्यांवरून ते शिकलं होतं की खरी दया ओबडधोबड असते. कोणी एकावन्न देतो, कोणी दोन हजार. कोणी पान उघडून बंद करतो आणि जेवण झाल्यावर परत येतो. ठगांची गर्दी मात्र नीटनेटकी असते. आवाहन लोकप्रिय दिसावं म्हणून ठग एका खात्यातून अनेक खात्यांत पैसे पेरतात आणि तिथून ते एका दमात, सारख्या रकमांत परत ओततात. असं दिसलं की यंत्र रक्कम गोठवायचं. तर्क चांगला होता. हर्षालीला तो तेव्हा फार आवडला होता.

नागपुरातल्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात मासेमार सोसायटीचे अध्यक्ष नत्थूजी दिघोरे बाकावर बसले होते. हर्षालीला बघून ते उठले, आणि तिने विचारताच कौतुकाने सांगू लागले.

“मूठ टाकली ना बाई आमी. तुले आठवते का नाई? तुहा बाप घेऊन येत जाय तुले.”

तिला आठवलं. गावात कोणावर संकट आलं की समाजमंदिरात कापडाने झाकलेलं टोपलं ठेवत. घरटी एक जण कापडाखाली हात घालून मूठ सोडत असे. कोणी किती टाकलं ते कोणाला दिसायचं नाही, आणि घेणाऱ्याला कोणाच्या उपकाराचं ओझं व्हायचं नाही.

“पन मोबाइलवर नाव येते अन् नावापुढे आकडा येते,” नत्थूजी म्हणाले. “शेवंताबाईचे पन्नास अन् माहे पाच हजार असं दिसलं, तर तिनं तोंड कुठी लपवावं? म्हनून ठरवलं, सगळ्यायचा आकडा एकच.”

“आणि ज्यांच्याकडे तेवढे नव्हते?”

“त्यायच्या खात्यात आदल्या दिवशी सोसायटीतून टाकून देल्ले. पयलेही असंच करत होतो, ज्याच्या घरी नाई त्याच्या हातात आदल्या सांजेले गुपचूप ठेवून देवाचं. मूठ कोनाचीच रिकामी नाई राहाले पाहिजे.”

“आणि सगळ्यांनी एकाच वेळी टाकले?”

“मंग! शाळेची घंटा वाजवली. पयला कोन अन् मागचा कोन, हे बी नाई दिसलं पाहिजे ना.”

नत्थूजी अभिमानाने हसले. हर्षाली मात्र मनातल्या मनात मोजत होती. एका खात्यातून पेरलेले पैसे, सारख्या रकमा, एकच क्षण. बनावट गर्दीची व्याख्या या माणसाने तिला ओळीने म्हणून दाखवली होती, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत दुसऱ्याची लाज राखायची धडपड होती. यंत्राला दया शिकवणाऱ्या समितीत ती स्वतः बसत असे. तिथे शहरातल्या लाखो लोकांची दया होती, कार्ड घासून केलेली. या टोपल्याची आठवण तिलाही झाली नव्हती. तिला स्वतःचाच संताप आला. पण संताप करत बसायला सवड नव्हती, ती तशीच कचेरीकडे पळाली.

संचालक भिसेसाहेब सज्जन माणूस. त्यांनी कधी कोणाचा चहाही फुकट घेतला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“मला पटतंय. हे लोक खरे आहेत.”

“मग गोठवण उठवा, साहेब.”

“ती उठवायची सोयच नाहीये, हर्षाली. तुला माहीत नाही का?”

तिला माहीत होतं. पहिल्या वर्षी सोय होती, आणि अधिकाऱ्यांनी ती विकायला काढली होती. आमदारांचे फोन यायचे, पाकिटं यायची, आणि ठगांचे पैसे मोकळे व्हायचे. मग माणसाचा हात काढून टाकावा अशी मागणी झाली. त्या मागणीवर तिची सही होती.

“सात दिवसांनी फेरतपासणी होते,” भिसे म्हणाले.

“कोण करतं?”

“नीरक्षीरच.”

“म्हणजे ज्याने चूक केली, त्यालाच विचारायचं, बाबा रे, तू चुकलास का?”

“आवाज चढवू नकोस.”

“सात दिवसांत तो माणूस मरेल, साहेब! त्याची स्वतःची कातडी पुण्यात एका पेटीत मरतेय. गावाने सोसायटीची गंगाजळीसुद्धा यात ओतलीय, आता त्यांच्याकडे दुसरे पैसे नाहीत. मी आवाज कुठे चढवायचा मग?”

 भिसे म्हणाले, “एक वाट आहे. कबुली. अर्जदाराने आवाहन खोटं होतं असं कबूल केलं, तर रक्कम तासाभरात देणाऱ्यांच्या खात्यात परत जाते. लोकांनी लवकर कबूल व्हावं म्हणून ठेवलेलं कलम आहे.”

“आणि अर्जदाराचं नाव?”

“ठगांच्या जाहीर यादीत. फोटोसकट.”

“ते ठग नाहीत हे तुम्हाला माहीत आहे.”

“आहे.”

“तरी तुम्ही मला त्यांच्याकडून खोटी कबुली घ्यायला सांगताय?”

“मी तुला कायद्यात असलेली वाट सांगतोय. आणि कबुलीला नात्याची आडकाठी नाही, तूच घेऊ शकतेस. घरचं माणूस असलं की लोक लवकर बोलतात.”

लाच खाणाऱ्याच्या तोंडावर निदान थुंकता तरी यायचं, असं तिच्या मनात आलं. या माणसाचे हात स्वच्छ होते, कारण त्याने ते खिशातून बाहेरच काढले नव्हते.

दुपारी दवाखान्यातल्या एका रिकाम्या खोलीत हर्षालीने दुर्पताला सगळं समजावून सांगितलं. दुर्पता पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“माहा फोटू येईन?”

“हो.”

“पोरगी शाळेत जाते माही.” मग थोडं थांबून, “अन् यायचा?”

“मनोहरदादाचा नाही. अर्ज तुमच्या नावाचा आहे.”

“मंग ठीक हाये.”

नत्थूजी दारात उभे होते. ते एकदम आत आले. “माहं नाव लिहा बाई. हे सगळं म्या सांगतलं, म्या घंटा वाजवली. या पोरीचा काय गुन्हा?”

“नाही चालत, नत्थूजी. अर्जदारालाच द्यावी लागते.”

“कोनता कायदा हाये बा हा?” म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला. “द्याले परवानगी लागते, अन् ज्यानं देल्लं त्याले बोलूही देत नाई?”

 हर्षालीने टॅबलेट टेबलावर ठेवला, त्याचा डोळा दुर्पताच्या चेहऱ्यावर लावला आणि ठरलेलं वाक्य वाचायला घेतलं. ‘सदर आवाहन खोटे असून जनतेची फसवणूक...’ इथपर्यंत आली आणि वाचायची थांबली.

“वाच ना बाई,” दुर्पता म्हणाली. “कातडी थांबून नाई राह्यत.”

हर्षालीने वाचलं. दुर्पताने कॅमेऱ्यात बघितलं आणि शाळेतल्या मुलीसारखं हात जोडून म्हणाली, “होय. आमी खोटे हाओ. आमी लोकायले फसवलं.”

टॅबलेटवर हिरवी खूण उमटली. खाली अक्षरं आली: ‘आपल्या प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद.’

पैसे तासाभरात परत आले. पुन्हा दान म्हणून ते देता येईनात, कारण दानाला पावती हवी आणि पावतीला नीरक्षीर हवं. मग नत्थूजींनी सगळ्यांचे पैसे सोसायटीत जमा करून घेतले आणि तेच दुर्पताला कर्ज म्हणून दिले. कर्ज काढायला या देशात कोणी अडवत नाही. लोकांनी ज्या पैशातून उपकाराचं ओझं इतक्या निगुतीने काढून टाकलं होतं, त्याच पैशाचं सरकारने ओझं करून तिच्या डोक्यावर ठेवलं. फेडू नको असं अख्खं गाव म्हणालं. तरी ती दर महिन्याला थोडे थोडे भरत राहिली, कारण कागदावर कर्ज होतं आणि यादीत नाव होतं. आणखी एक बोट उठू नये एवढीच तिची धडपड होती.

कातडी आली, चढली, धरली. मनोहर वाचला. हात आखडले होते, पण जाळ्याची दोरी धरता येत होती.

पण यादी कुठे बसून राहते? मासे घेणारे व्यापारी उचल देण्याआधी नाव तपासू लागले. शाळेत कोणीतरी दुर्पताच्या मुलीला तिच्या आईचा फोटो दाखवला. गावातली सगळी खाती यंत्राने ‘संशयित टोळी’ म्हणून जोडून टाकली. आणि पुढे शेवंताबाईचं घर वादळात पडलं, तेव्हा तलावटोल्यात पहिल्यांदाच मूठ निघाली नाही. लोक भ्यायले. शेवंताबाई लेकीकडे राहायला गेली. ठगांना पकडायला निघालेल्या सरकारने एका गावाची देण्याची सवय मोडली, आणि या नुकसानीचा कुठल्याही कचेरीत पंचनामा होत नाही. हर्षाली गावी गेली की लोक पाट द्यायचे, चहा द्यायचे, पण बोलायचे मात्र दुसऱ्याशी.

वर्षाच्या शेवटी प्राधिकरणाचा वर्धापनदिन झाला. मंत्री आले, मोठ्या पडद्यावर आलेख आले, आणि ‘सर्वात जलद कबुली’ म्हणून हात जोडलेल्या दुर्पताचा चेहरा भिंतभर दिसू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्षाली मागच्या रांगेतून उठून तडक पुढे गेली आणि निवेदिकेच्या हातातला माईक तिने काढून घेतला.

“ही बाई खोटं बोलतेय,” ती म्हणाली. “कबुली देताना. तिला खोटं बोलायला मी लावलं, कारण खरं बोलली असती तर तिचा नवरा मेला असता. इथे बसलेल्या साहेबांना ते त्या दिवशीही माहीत होतं. यंत्र बंद करा असं मी म्हणत नाही. ठग आहेत, माझ्या आईलाही त्यांनी लुबाडलंय. पण यंत्र चुकलं तर ज्याच्या दारात जाऊन जाब विचारता येईल, असा नावागावाचा एक माणूस तरी ठेवा!”

माईक बंद करण्यात आला, पण वार्ताहर हजर होते. दोन दिवस गाजावाजा झाला. हर्षालीला कारणे दाखवा नोटीस आली. आणि आठवड्याने भिसेसाहेबांनी तिला बोलावून एक लिफाफा पुढे केला. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू होतं.

“विशेष बाब म्हणून मंजूर झालंय. क्षमापत्र. त्या बाईंची खाली एक सही आण, नाव यादीतून निघेल. गावाची खातीही मोकळी होतील. तुझी नोटीसही मागे घेऊ.”

हर्षाली आनंदाने गावाला गेली. दुर्पता अंगणात सुकटीला ऊन दाखवत होती. मनोहर ओट्यावर बसून आखडलेल्या बोटांनी जाळ्याची गाठ मारायचा प्रयत्न करत होता. हात पुसून दुर्पताने कागद घेतला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचला.

“‘माझ्याकडून घडलेल्या गैरप्रकाराबद्दल मला क्षमा करावी.’” तिने वर बघितलं. “हे मी म्हनाचं?”

“नुसती भाषा आहे वहिनी, सरकारी. सही केली की सुटलात.”

दुर्पताने कागद परत तिच्या हातात दिला.

“नाई करत.”

“वहिनी, अहो, नाव तसंच राहील. मुलीला लोक बोलतात...”

“बोलू दे. तिची माय त्या दिवशी काहून खोटं बोलली, ते मी तिले बसवून सांगतलं. यायचा जीव अटकला होता म्हनून. तिले समजलं.” दुर्पताचा आवाज आता चढला. हर्षालीने तो असा कधी ऐकला नव्हता. “आता कोनाचा जीव वाचवाचा हाये? सरकारची लाज राखाले मी पुन्हा खोटं बोलू? अन् मंग पोरीले काय सांगू?”

मनोहरने गाठ सोडली आणि बायकोकडे बघितलं. 

हर्षालीने तिथूनच भिसेसाहेबांना फोन लावला. “सही होणार नाही, साहेब. माफी त्यांनी नाही, आपण मागायची आहे. तुम्ही येताय का?”

“अगं, सरकार अशी माफी मागत नसतं. तशी तरतूद कुठे आहे?”

तिने फोन बंद केला. मग दुर्पतासमोर ती नीट उभी राहिली. तोंडातून शब्द निघताना तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. “वहिनी, तुम्ही खरं बोलत होतात. तुमच्या गावाने काहीही वावगं केलं नव्हतं. चूक आमची झाली.”

दुर्पताने तिच्याकडे टक लावून बघितलं.

“लिहून दे,” ती म्हणाली.

हर्षालीने तोच कागद उलटा केला, ओट्यावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. खाली आपलं पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला आणि सही केली.